बहुसंवेदक टेहळणी

रडार, औष्णिक कॅमेरा, साधा कॅमेरा, कुंपणावरचे किंवा जमिनीत पुरलेले संवेदक (सेन्सर) यांपैकी दोन-तीन साधने जोडून, त्यांच्या इशाऱ्यांचा मेळ घालून मोठ्या खुल्या आवारावर ठेवलेली पाळत म्हणजे बहुसंवेदक टेहळणी. विमानतळ, वीजकेंद्रे, खुल्या खाणी ही तिची नेहमीची क्षेत्रे. संवेदकांची संख्या यात दुय्यम आहे. ते वेगवेगळ्या कारणांनी चुकणारे हवेत. नागपूरच्या हवामानात हे चटकन कळते.

औष्णिक कॅमेरा साधारण ८ ते १४ मायक्रोमीटर लांबीच्या अवरक्त लहरी टिपतो आणि त्यांतून तापमानातला फरक दाखवतो. त्वचेचे तापमान सुमारे ३४ अंश सेल्सिअस. नवतपाच्या दुपारी पारा ४५ च्या आसपास असताना मुरूम आणि डांबर त्याहून कितीतरी तापलेले असतात. तेव्हा माणूस उलट थंड, म्हणून वेगळा दिसतो. खरी पंचाईत सकाळी जमीन तापताना आणि रात्री ती निवताना होते. जमिनीचे आणि माणसाचे तापमान जुळते आणि माणूस चित्रात विरून जातो. तिथे जोडीला उष्णतेवरच चालणारा दुसरा संवेदक दिला, तर दोघे एकाच वेळी आंधळे. हिवाळ्यातल्या थंड रात्री दिलेले प्रात्यक्षिक मात्र कुठल्याही औष्णिक कॅमेऱ्याला सोपेच जाते.

रडारला उष्णतेशी देणेघेणे नसते. हलत्या वस्तूचे अंतर, दिशा आणि वेग ते सांगते; पण पावसाळ्यात माजलेले गाजरगवत, वाऱ्यावर डोलणारी बेशरमची झुडपे, रानडुकरे यांनीही ते हैराण होते. म्हणून रडारने जागा दाखवायची आणि फिरत्या कॅमेऱ्याने तिकडे वळून ओळख पटवायची, अशी वाटणी करतात. दोघांची दिशा नीट जुळवलेली नसेल, तर १ अंशाची चूक १ किलोमीटरवर सुमारे १७ मीटर होते आणि कॅमेरा रिकामे माळरान न्याहाळत बसतो.

पुरलेली प्रकाशतंतूची केबल पावलांची कंपने टिपते. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. केबलवरची मातीची पकड बदलते आणि संवेदनक्षमताही. किती कंपनाला इशारा द्यायचा याची मे महिन्यात ठरवलेली मर्यादा ऑगस्टमध्ये पुन्हा तपासावी लागते.

इशारे जोडण्याचा नियम हाही निवडीचाच भाग. प्रत्येकी ९० टक्के वेळा घुसखोर पकडणारे दोन स्वतंत्र संवेदक घेतले आणि दोघांचे एकमत मागितले, तर पकड ८१ टक्क्यांवर येते. खोटे इशारे मात्र बरेच घटतात. कोणा एकाचा इशारा पुरेसा मानला, तर पकड ९९ टक्के, पण रात्रभर भोंगा वाजत राहतो. कंटाळलेला पहारेकरी तो बंद करून टाकतो, हे गणितात येत नाही. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी कुंपणाजवळ पहिला नियम आणि आतल्या मोक्याच्या जागी दुसरा, अशी मिश्र मांडणी ठेवतात.