पीएच.डी. प्रवेश, नोंदणी आणि कोर्सवर्क : फॉर्म भरायला येण्याआधी एवढं वाचून या

आमच्याकडे पीएच.डी.चे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतात आणि प्रबंधाचं बाइंडिंगही होतं. त्यामुळे विद्यार्थी प्रवेशाच्या वेळी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये गुणपत्रकं घेऊन येतो तेव्हा आमची भेट होते, आणि चार-पाच वर्षांनी रेक्झिनच्या कव्हरवर सोनेरी अक्षरं उठवायला येतो तेव्हाही होते. दोन्ही टोकं रोज बघत असल्यामुळे सांगतो, पहिल्या दिवशी घाईत टाकलेलं नाव शेवटच्या महिन्यात अडवतं. हे पत्रक मुख्यतः त्यासाठी आहे. बाकीची माहिती ओघाने येईल.

प्रवेश, नोंदणी, कोर्सवर्क : तिन्ही वेगळं

"मागच्या महिन्यात फी भरली, म्हणजे कोर्सवर्कला नाव लागलंच ना?" हा प्रश्न आम्हाला सर्वात जास्त वेळा विचारला जातो. उत्तर : बहुतेक ठिकाणी नाही. प्रवेशाची फी, कोर्सवर्कची (संशोधनाआधीच्या सक्तीच्या अभ्यासक्रमाची) नोंदणी आणि कोर्सवर्कच्या परीक्षेचा फॉर्म या वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीची मुदत वेगळी असते. पावती हातात आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ती कशाची पावती आहे ते आधी वाचा.

क्रम साधारण असा असतो. आधी पेट (विद्यापीठाची पीएच.डी. प्रवेश परीक्षा) किंवा नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा). जून २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो : जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती), सहायक प्राध्यापक व पीएच.डी. प्रवेश, आणि फक्त पीएच.डी. प्रवेश. यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातल्यांसाठी नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं, आणि ते गुण पीएच.डी. प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. "दोन वर्षांपूर्वीची नेट आहे, चालेल ना" असं विचारत लांबून येऊ नका, निकालपत्रावरची तारीख घरीच बघा.

मग संशोधन केंद्रात मुलाखत होते आणि गाइड, म्हणजे मार्गदर्शक, मिळतो. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थीच घेता येतात. ज्यांच्या निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली आहेत त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणून फॉर्मवर गाइडचं नाव टाकण्याआधी त्यांच्याकडे जागा आहे का, हे त्यांनाच विचारा. संकोच करू नका, सरांना आणि मॅडमना हा प्रश्न सवयीचा असतो.

प्रवेश झाला की कोर्सवर्क. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नोव्हेंबर २०२२ च्या नियमांप्रमाणे ते किमान १२ आणि कमाल १६ क्रेडिटचं असतं (क्रेडिट म्हणजे अभ्यास मोजायचं एकक). संशोधन पद्धती असतेच, शिवाय संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा दोन क्रेडिटचा विषय सगळ्यांना सक्तीचा आहे, मग तुम्ही मराठीचे असा की रसायनशास्त्राचे. कोर्सवर्कमध्ये किमान ५५ टक्के किंवा त्या तोडीची श्रेणी मिळाली तरच पुढचं काम सुरू राहतं. विषयाचा आराखडा संशोधन सल्लागार समितीसमोर मांडावा लागतो आणि पुढे दर सत्रात त्याच समितीला प्रगती दाखवावी लागते.

विद्यापीठ बदललं की या पायऱ्यांची नावं आणि मुदती बदलतात. तुमच्या संशोधन केंद्राच्या फलकावर लावलेली सूचना हीच शेवटची समजा. तिचा मोबाइलवर फोटो काढून आणलात तर आमचंही काम सोपं होतं.

आता नावाबद्दल

काही वर्षांपूर्वी सिन्नरकडच्या एक शिक्षिका दुपारी साडेचारच्या सुमाराला बाइंडिंगसाठी आल्या. पाच प्रतींचे गठ्ठे छान बांधून आणले होते. कव्हरवर नाव उठवण्याआधी आम्ही नोंदणीचं पत्र मागतो, ते त्यांनी काढून दिलं. पत्रावर माहेरचं नाव होतं. गठ्ठ्यात आत लावलेल्या कोर्सवर्कच्या प्रमाणपत्रावर मात्र सासरचं. आम्ही दोन्ही कागद काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले आणि बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. पाच वर्षं कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

झालं होतं एवढंच : प्रवेशाचा फॉर्म त्यांनी स्वतः दहावीचं प्रमाणपत्र समोर ठेवून भरला होता. कोर्सवर्कच्या परीक्षेचा फॉर्म घाईच्या दिवसात पुतण्याने मोबाइलवर भरला, आधार कार्ड बघून. दोघांनीही समोरच्या कागदावरचं खरं नावच लिहिलं होतं. प्रतिज्ञापत्र, राजपत्र, गाइडच्या सहीने अर्ज, दुरुस्त प्रमाणपत्र हे सगळं होईपर्यंत दीड महिना गेला. ते पाच गठ्ठे तेवढे दिवस आमच्याच मांडणीवर होते. येता-जाता ते दिसायचे आणि वाईट वाटायचं.

म्हणून आता घरी हे करून बघा. दहावीचं प्रमाणपत्र, पदव्युत्तर पदवी, आधार आणि नेट किंवा पेटचा निकाल असे चार कागद जमिनीवर ओळीने मांडा आणि नाव मोठ्याने वाचा. समजा दहावीला 'पाटील सुनंदा रामचंद्र' आहे, आधारवर 'सुनंदा महेश जाधव' आणि पॅनवर 'सुनंदा एम. जाधव'. आपल्याला ही एकच बाई दिसते. संगणकाला तीन दिसतात.

यात चार जागा नेमक्या फसवतात.

पहिली, क्रम. आपल्याकडच्या गुणपत्रकांवर आडनाव आधी असतं, फॉर्मवर मात्र पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव असे तीन चौकोन. गुणपत्रक बघून सरळ उतरवत गेलं की 'पाटील' पहिल्या नावाच्या चौकोनात जातं आणि वडिलांचं नाव आडनाव बनतं. आठवड्यातून एकदा तरी असा फॉर्म दुरुस्तीला येतो.

दुसरी, लग्नानंतरचं नाव. पीएच.डी. कोणत्या नावाने करायची हा निर्णय तुमचा, त्यात आम्ही कोण बोलणार. पण निर्णय पहिल्या फॉर्मच्या आधी घ्या आणि मग शेवटपर्यंत तोच ठेवा. सासरचं नाव हवं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावातला बदल आधी प्रसिद्ध करून घ्या, अर्ज ऑनलाइन होतो. नुसत्या विवाह नोंदणी दाखल्यावर काही ठिकाणी भागतं, काही ठिकाणी नाही. माहेरचंच नाव ठेवायचं असेल तर राजपत्राची गरज नाही, फक्त प्रत्येक फॉर्म पदवीच्या प्रमाणपत्रावरून भरायचा, आधारवरून नाही. आमचा कल या दुसऱ्या वाटेकडे असतो, कारण तुमच्या आधीच्या सगळ्या पदव्या त्याच नावावर आहेत.

तिसरी, इंग्रजी स्पेलिंग. दीपालीत 'आय' आहे की 'डबल ई'? चौधरीत 'ओयू' की 'एयू'? तुम्ही आज कसं लिहिता ते बाजूला ठेवा, दहावीच्या प्रमाणपत्रावर कसं छापलं आहे ते बघा. नेटच्या फॉर्मवरही नाव दहावीप्रमाणेच मागतात.

चौथी, मराठीतलं नाव. पदवी प्रमाणपत्रावर नाव मराठीतही छापलं जातं, आणि तो चौकोन बहुतेक जण मोबाइलच्या कीबोर्डवर झटकन भरतात. मग 'स्मिता'ची 'स्मीता' होते आणि 'शिर्के'चे 'शिरके' होतात. आमच्याकडे मराठी टायपिंग करणाऱ्या ताई गेली कित्येक वर्षं हेच काम करतात, त्यांच्या नजरेतून ऱ्हस्व-दीर्घ सुटत नाही. मात्र तुमच्या घरी नाव कसं लिहितात ते त्यांना तुम्हीच सांगायला हवं.

मिळवलेली क्रेडिट ज्या ऑनलाइन खात्यात जमा होतात त्याचंही इथेच सांगतो. अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा आयडी डिजिलॉकरमधून निघतो आणि तिथे नाव आधारवरून येतं. आधारवर एक आणि विद्यापीठात दुसरं असेल तर कोर्सवर्कची क्रेडिट जमा होताना अडकू शकतात. म्हणून आधार दुरुस्त करायचं असेल तर प्रवेशाआधीच करा.

विद्यापीठाचं नाव

हाही रोजचा प्रश्न. २०१४ च्या आधी पदवी घेतलेल्यांच्या कागदावर 'पुणे विद्यापीठ' असतं आणि फॉर्मवरच्या यादीत 'सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ'. काळजी नको, विद्यापीठ एकच आहे, यादीतलं नवं नाव निवडा. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचा नामविस्तार १९९४ मध्ये झाला, जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचं नाव मिळालं. तिथून आलेल्यांनीही असंच करावं. मात्र जिथे नाव हाताने टाइप करायचं असतं तिथे प्रमाणपत्रावर छापलं आहे तसंच लिहा. दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्यांना मायग्रेशन (आधीच्या विद्यापीठाचा स्थलांतर दाखला) लागतं. त्याची मूळ प्रत जमा होते, म्हणून आधी दोन झेरॉक्स काढून ठेवा.

नोकरी करणाऱ्यांसाठी

अर्धवेळ पीएच.डी. करता येते, पण नोकरीच्या ठिकाणची एनओसी (ना-हरकत पत्र) लागते. "यांना पीएच.डी. करण्यास आमची हरकत नाही" एवढ्या एका ओळीचं पत्र आणलं की ते परत येतं. यूजीसीच्या नियमात तीन गोष्टी स्पष्ट मागितल्या आहेत : अर्धवेळ पीएच.डी. करायला परवानगी आहे, कामाचं स्वरूप असं आहे की संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल, आणि गरज पडल्यास कोर्सवर्क पूर्ण करण्यासाठी कामातून मोकळं केलं जाईल. प्राचार्यांची किंवा साहेबांची सही घेण्याआधी ही तिन्ही वाक्यं पत्रात आहेत का ते बघा. तसा मसुदा आमच्याकडे तयार आहे. फॉर्म आमच्याकडे भरत असाल तर तो मोफत देतो, तुमच्या संस्थेच्या लेटरहेडवर घ्यायचा.

मुदतीचं एक पक्कं लक्षात ठेवा. पीएच.डी. कोर्सवर्क धरून किमान तीन वर्षांची, आणि कमाल सहा वर्षं मोजली जातात ती प्रवेशाच्या तारखेपासून. कोर्सवर्क संपल्याच्या तारखेपासून नाही. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षं मिळू शकतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन, म्हणजे एकूण जास्तीत जास्त दहा. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी पूर्ण काळात मिळून २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. हे अनेक मुलींना माहीत नसतं आणि त्या उगाच नोंदणी सोडायच्या विचारात असतात. कृपया तसं करण्याआधी गाइडशी बोला.

आमच्या पद्धतीबद्दल

काही ग्राहक नाराज होतात, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर सांगितलेल्या नावाने आम्ही फॉर्म भरत नाही. मूळ कागद समोर लागतो. नाशिकहून, अहिल्यानगरहून एसटीने आलेल्या माणसाला "कागद राहिला, परत या" म्हणताना आम्हालाही बरं वाटत नाही. पण अंदाजाने भरलेल्या नावाची दुरुस्ती करायला त्याच माणसाला आणखी चार खेपा घालाव्या लागतात.

फॉर्म सबमिट करण्याआधी आम्ही कच्ची प्रिंट काढतो आणि प्रत्येक चौकोनावर तुमच्याकडून पेन्सिलीने बरोबरची खूण करून घेतो, खाली सही घेतो. यात पंधरा-वीस मिनिटं जातात. शेजारी पाच मिनिटांत फॉर्म भरून मिळतो हे आम्हाला ठाऊक आहे. आम्ही ती वीस मिनिटं सोडणार नाही. त्या प्रिंटची एक प्रत आमच्या फाइलमध्ये राहते. पुढे कोर्सवर्कच्या परीक्षेचा फॉर्म, पुनर्नोंदणी, प्रबंधाचं पहिलं पान यातलं काहीही आलं की नाव आणि शीर्षक आम्ही त्या प्रतीशी ताडून बघतो. जुन्या ग्राहकांना या ताडणीचे पैसे लागत नाहीत.

तुमचा पासवर्ड आम्ही ठेवत नाही आणि ओटीपी तुमचा तुम्हीच टाकायचा. मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचा स्वतःचा द्या. भाचीचा, मित्राचा किंवा आमच्या दुकानाचा देऊ नका. सहा वर्षांत विद्यापीठाची प्रत्येक सूचना त्याच नंबरवर येणार आहे.

आणि आराखडा किंवा प्रकरणं आम्ही लिहून देत नाही. कृपया विचारू नका. टाइप करून देऊ, संदर्भांची मांडणी नीट करून देऊ, आकृत्या काढून देऊ, शुद्धलेखन बघू. त्यात आमचा हात धरणारे कमी आहेत, असं आमचेच जुने विद्यार्थी सांगतात. लिहायचं मात्र तुम्हीच. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधाचं दुसऱ्यांच्या लेखनाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर अडचण नाही, ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. पदवी मिळाल्यावर प्रबंध शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) सगळ्यांना वाचायला खुला होतो.

येताना

दहावी प्रमाणपत्र, पदवी व पदव्युत्तरची गुणपत्रकं आणि प्रमाणपत्रं, नेट किंवा पेटचा निकाल, आधार, लागू असल्यास जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर, राजपत्र आणि एनओसी. सगळं मूळ स्वरूपात. फोटो आणि सही इथे स्कॅन करून हव्या त्या आकारात बसवून देतो. कोर्सवर्कच्या फॉर्मसाठी येत असाल तर प्रवेशाची पावती आणि नोंदणीचं पत्र विसरू नका, बहुतेक जण नेमकं हेच घरी ठेवून येतात.

दर काउंटरच्या डाव्या बाजूला लावले आहेत. मुदतीच्या शेवटच्या दोन दिवसांत विद्यापीठाचं संकेतस्थळ हळू चालतं, त्या दिवसांत आम्ही रात्री नऊपर्यंत बसतो, पण आधीच्या आठवड्यात आलात तर कच्ची प्रिंट घरी नेऊन शांतपणे वाचता येते. शनिवारी दुपारनंतर बाइंडिंगची गर्दी असते. फॉर्मसाठी सकाळी या.