घुमटाची मागणी देण्यापूर्वी: दोन मापांच्या दांड्यांतून गोल कसा उभा राहतो

आमच्याकडे जिओडेसिक डोमची, म्हणजे पाइपच्या दांड्यांचे त्रिकोण जोडून केलेल्या घुमटाची, चौकशी करायला येणारे बहुतेक जण आधी पाइपची जाडी विचारतात आणि मग दर. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण फार्मस्टेची खोली असो, रोपवाटिका असो की शाळेच्या मैदानातला चढण्या-उतरण्याचा सांगाडा असो, हा घुमट उभा राहतो तो मोजमापाच्या जोरावर. ते मोजमाप ग्राहकाला कळावे असे आम्हाला मनापासून वाटते. कळले की आकार ठरवणे सोपे जाते, जोते बांधणाऱ्या गवंड्याला नीट सांगता येते आणि "इथली एक दांडी काढून टाकली तर चालेल का?" या प्रश्नाचे उत्तर तुमचे तुम्हालाच मिळते.

त्रिकोण, आणि एका टोकाला पाचच

चार पट्ट्या नट-बोल्टने जोडून चौकोन केला आणि एका कोपऱ्याला रेटा दिला तर तो तिरका होतो. तीन पट्ट्यांचा त्रिकोण तसा तिरका होऊ शकत नाही, कारण तीन बाजूंची लांबी ठरली की कोनही ठरून जातात. म्हणून या घुमटाला वेल्डिंग लागत नाही. प्रत्येक सांध्यात एक बोल्ट पुरतो. सांधा थोडा ढिला असला तरी त्रिकोण आपला आकार सोडत नाही.

आता हे त्रिकोण गोलाकार कसे होतात ते पाहू. सहा समभुज त्रिकोण एका बिंदूभोवती लावले तर सहा साठे ३६०, म्हणजे ते जमिनीवर सपाट बसतात. एक काढून पाच ठेवले की ३०० अंशच उरतात. उरलेली फट मिटवायला गेलात की मधला बिंदू वर उचलला जातो. प्रत्येक टोकाशी असे पाच त्रिकोण ठेवत गेलात की २० त्रिकोणांची बंद आकृती होते. तिला १२ टोके आणि ३० कडा असतात. हे विंशतिफलक. शाळेत शिकलेले ऑयलरचे सूत्र इथे ताडून पाहा: १२ शिरोबिंदू अधिक २० पृष्ठे, बरोबर ३० कडा अधिक २.

विंशतिफलक गोलाच्या जवळ जाते, पण तेवढ्यावर घर होत नाही. तीन मीटर त्रिज्येला त्याची एकेक कड तीन मीटरहून लांब होते. म्हणून प्रत्येक मोठ्या त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंचे मध्यबिंदू घेऊन त्याचे चार लहान त्रिकोण करायचे आणि ते मध्यबिंदू बाहेर ढकलून गोलाच्या पृष्ठभागावर आणायचे. याला आम्ही 'दोन भागांचा घुमट' म्हणतो. बाजूचे तीन भाग केले तर 'तीन भागांचा'. भाग कितीही वाढवा, पूर्ण गोलात पाच दांड्यांचे सांधे बाराच राहतात आणि बाकीच्या सगळ्या सांध्यांत सहा दांड्या येतात. फुटबॉलवर काळे पंचकोन बाराच का असतात, त्याचे कारणही हेच.

ही रचना पहिल्यांदा जर्मनीतल्या येना गावी उभी राहिली. त्साइस कंपनीचे वाल्टर बाउअर्सफेल्ड यांनी १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला तारांगणासाठी कारखान्याच्या गच्चीवर असा घुमट बांधला. पुढे अमेरिकेत बकमिन्स्टर फुलर यांना १९५४ मध्ये त्याचे पेटंट मिळाले आणि घुमट जगभर पोचला. आपल्या शेजारी अहमदाबादेत गौतम आणि गिरा साराभाई यांनी १९६०च्या दशकात कॅलिको मिलच्या दुकानासाठी असाच घुमट उभारला होता.

आखूड आणि लांब

मध्यबिंदू बाहेर ढकलल्यावर सगळ्या दांड्या सारख्या राहत नाहीत. मूळ कडेचे अर्धे तुकडे होतात ते आखूड, आणि मध्यबिंदू एकमेकांना जोडणाऱ्या त्या लांब. गोलाच्या केंद्रातून पाहिले तर आखूड दांडीसमोर ३१.७२ अंशांचा कोन होतो आणि लांब दांडीसमोर बरोबर ३६ अंशांचा. प्रत्येक दांडी ही गोलाची जीवा आहे, म्हणजे गोलावरचे दोन बिंदू जोडणारी सरळ रेषा, आणि जीवेची लांबी म्हणजे त्रिज्येची दुप्पट गुणिले अर्ध्या कोनाची 'ज्या' (साइन). आकडे असे येतात:

आखूड दांडी = त्रिज्या × ०.५४६५३
लांब दांडी = त्रिज्या × ०.६१८०३

दुसरा आकडा ओळखीचा वाटला असेल. तो सुवर्ण गुणोत्तराचा आहे आणि पंचकोन जिथे येतो तिथे तो हमखास भेटतो.

हे दोन आकडे पाठ करा, म्हणजे कुठल्याही आकाराच्या घुमटाचा हिशेब खिशातल्या मोबाइलवर होतो. रीत नवी नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावतीत व्यास १,२०,००० धरून वर्तुळात बसणाऱ्या त्रिकोणापासून नवकोनापर्यंतच्या बाजू देऊन ठेवल्या आहेत. पंचकोनाची बाजू तिथे ७०,५३४ आहे. वर्तुळाचा व्यास कितीही असला तरी त्या प्रमाणात गुणून बाजू काढायची. आम्ही कारखान्यात रोज तेच करतो.

सहा मीटर व्यासाचा अर्धगोल घेऊ, कारण सर्वांत जास्त मागणी त्यालाच असते. त्रिज्या ३ मीटर. आखूड दांडी १६४० मिमी, अशा ३०. लांब दांडी १८५४ मिमी, अशा ३५. एकूण दांड्या ६५, सांधे २६, त्रिकोण ४०. सव्वीस सांध्यांपैकी सहा पाचाचे, दहा सहाचे आणि पायथ्याचे दहा चाराचे.

ही मापे भोकाच्या मध्यापासून भोकाच्या मध्यापर्यंतची आहेत. यावर आमचा सगळ्यात जास्त भर असतो. दांडीचे टोक प्रेसमध्ये चपटे करून त्यात भोक पाडतो आणि भोकापुढे २५ मिमी धातू सोडतो, म्हणून पाइप कापताना प्रत्येक दांडीला ५० मिमी जास्त धरावे लागतात. सहा मीटरच्या एका पाइपमधून लांब दांड्या तीन निघतात आणि आखूडही तीनच. हिशेब जुळवला की २२ पाइपांत घुमट बसतो. आमच्या दरपत्रकात हा आकडा दिलेला असतो. ताडून पाहा.

चपटे टोक किती वाकवायचे, तेही याच कोनांतून येते. दांडीसमोर केंद्रात जितका कोन होतो त्याच्या निम्मे. आखूड दांडी सुमारे १५.९ अंश, लांब दांडी १८ अंश.

पाच मिलिमीटर कुठे जातात

ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून दांड्या करून घेतल्या तर स्वस्त पडेल, असे काही ग्राहक म्हणतात. जरूर करून घ्या. फक्त पुढचा हिशेब त्याला दाखवा.

पाचाच्या सांध्याभोवती पाच लांब दांड्यांचा पंचकोन असतो आणि मधून पाच आखूड दांड्या वर येऊन टोक करतात. तीन मीटर त्रिज्येच्या घुमटात हे टोक पंचकोनाच्या पातळीपेक्षा ४५ सेंटिमीटर वर असते. दांड्या बऱ्याच आडव्या आहेत आणि उंची कमी आहे. त्यामुळे आखूड दांड्या ५ मिमीने कमी भरल्या तर टोक ५ मिमीने खाली येत नाही, जवळजवळ १९ मिमी खाली येते. चूक साडेतीन पटींहून जास्त वाढते. अशी चूक वाढत गेली की एखादे टोक वाऱ्याच्या दाबाने आत दबून बसते, आणि शेवटचे दोन-तीन बोल्ट भोकात जात नाहीत म्हणून कामगार भोके मोठी करतात. मोठ्या केलेल्या भोकांचा सांगाडा आम्ही पास करत नाही.

म्हणून आम्ही टेपने एकेक दांडी मोजून भोक पाडत नाही. जिगवर, म्हणजे माप पक्के करणाऱ्या साच्यावर, एका बाजूला खुंटी असते, पहिले भोक तिच्यात अडकवायचे आणि दुसरे पाडायचे. सगळ्या लांब दांड्या एका जिगवर, सगळ्या आखूड दुसऱ्या जिगवर. टोकांना रंग देतो: आखूडला लाल, लांबला निळा.

तीन भागांच्या घुमटात हीच चूक पाच पटींहून जास्त वाढते, कारण टोके आणखी चपटी असतात. घुमट जितका बारीक त्रिकोणांचा, तितकी अचूकता जास्त लागते.

जोते आणि उभारणी

दोन भागांच्या अर्धगोलाची एक फार मोठी सोय आहे: त्याचे पायथ्याचे दहाही सांधे एका पातळीत येतात. जोत्याच्या मध्यावर खिळा ठोका, ३ मीटर दोरीने फक्कीचे वर्तुळ काढा आणि वर्तुळावर १८५४ मिमीच्या अंतराने खुणा करत जा. दहावी खूण पहिलीवर यायला हवी. नंतर समोरासमोरच्या खुणांमधले अंतर मोजा, पाचही वेळा ६ मीटर भरले पाहिजे. लेव्हल नळीने दहाही ठिकाणची पातळी बघा. गवंड्याला आम्ही एवढेच सांगतो आणि एवढे नेमके झाले की निम्मे काम झाले.

उभारणी अशी होते. पायथ्याला दहा लांब दांड्यांचे कडे. त्यावर आळीपाळीने दोन आखूड दांड्यांचा त्रिकोण, दोन लांब दांड्यांचा त्रिकोण, असे दहा. त्यांची टोके दहा आखूड दांड्यांनी जोडायची. मग जिथे दोन आखूड मिळाल्या तिथून एक आखूड वर, जिथे दोन लांब मिळाल्या तिथून दोन लांब वर. त्यांच्या टोकांवर पाच लांब दांड्यांचे लहान कडे, आणि शेवटी माथ्याला पाच आखूड. मोजून पाहा: आखूड ३०, लांब ३५. एकही दांडी उरली किंवा कमी पडली तर खाली कुठेतरी रंग चुकला आहे. सगळे बोल्ट शेवटपर्यंत हातानेच फिरवून सैल ठेवा. पाना लावायचा तो माथा बसल्यावर, आणि खालून वर.

आत किती जागा मिळते

सहा मीटर व्यास म्हणजे पूर्ण वर्तुळाची जागा नाही. पायथा दशकोनी असतो, म्हणून आतली जागा २६.४५ चौरस मीटर, सुमारे २८५ चौरस फूट. माथ्याची उंची ३ मीटर. कडेपासून अर्धा मीटर आत उंची सुमारे १.६५ मीटर आणि एक मीटर आत सुमारे २.२ मीटर. पत्रे वा कापड गोलाच्या किंचित आत राहते, म्हणून प्रत्यक्षात थोडी कमीच धरा. पलंग कडेला चालतो. उभे कपाट चालत नाही, आणि वाकड्या भिंतीला लावण्यासाठी खास फर्निचर करण्याचा खर्च लोक विसरतात. तोही धरून चाला.

दाराबद्दल स्पष्ट सांगतो. पायथ्याच्या समभुज त्रिकोणाची उंची १.६ मीटर, म्हणजे सव्वापाच फूट. त्यातून वाकूनच जावे लागेल. म्हणून आम्ही घुमट दोन-तीन फुटी भिंतीवर बसवायचा आग्रह धरतो, आणि दाराला बाहेर काढलेली स्वतंत्र चौकट देतो. ज्या दांड्या काढाव्या लागतात त्यांचा भार ही चौकट घेते. नंतर कोणी आपल्या मनाने खिडकीसाठी एखादी दांडी कापली तर तिच्या दोन्ही बाजूंचे त्रिकोण चौकोन होतात, आणि चौकोनाचे काय होते ते वर सांगितले आहे.

पाऊस, वारा, आग

घुमटाची खरी कसोटी पावसात लागते. सहा मीटरच्या घुमटाला ४० वेगळे त्रिकोणी पत्रे बसवले तर त्यांच्यामधल्या सांध्यांची लांबी ९५ मीटर होते. त्यांतला प्रत्येक सांधा सिलिकॉनवर सोपवणे आम्हाला पटत नाही. आंबोली, महाबळेश्वर किंवा कोकणातल्या जागेसाठी आम्ही पत्र्यांचे काम घेत नाही. वरून एकसंध शिवलेले पीव्हीसी कापड घालतो, शिवणी उष्णतेने चिकटवलेल्या. असे कापड साडेबावन्न चौरस मीटर लागते आणि त्यावर दुमड धरावी लागते.

सांगाडा हलका असल्यामुळे वारा त्याला ढकलण्यापेक्षा उचलायला पाहतो. दहाही पायथ्याच्या सांध्यांना काँक्रीटमध्ये बसवलेले अँकर बोल्ट हवेत. यात काटकसर करू नका.

आणि कापड चढवल्यावर सांगाड्याजवळ वेल्डिंग करू देऊ नका. माँट्रियलमध्ये १९६७च्या जागतिक प्रदर्शनासाठी फुलर यांनी ७६ मीटर व्यासाचा प्रचंड घुमट बांधला होता. २० मे १९७६ रोजी दुरुस्तीच्या वेल्डिंगमुळे त्याच्या ॲक्रिलिकच्या आवरणाने पेट घेतला आणि ते सगळे जळून गेले. पोलादी सांगाडा मात्र उभा राहिला. आज त्यात पर्यावरणाचे संग्रहालय आहे.

मोठा घुमट हवा असेल तर

दाबाखाली न वाकता टिकण्याची पाइपची ताकद लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. दांडी दुप्पट लांब झाली की तोच पाइप चौथा हिस्साच भार घेतो. पाच मीटर त्रिज्येला दोन भागांच्या घुमटाची लांब दांडी ३.०९ मीटर होते, म्हणून साडेतीन मीटर त्रिज्येच्या पुढे आम्ही तीन भागांचा घुमट सुचवतो. त्यात दांड्या तीन मापांच्या असतात: त्रिज्येच्या ०.३४८६२, ०.४०३५५ आणि ०.४१२४१ पट. गोलाचा अर्ध्याहून थोडा जास्त भाग घेतला तर १६५ दांड्या आणि ६१ सांधे, थोडा कमी घेतला तर १२० दांड्या आणि ४६ सांधे. तीन भागांचा घुमट बरोबर अर्ध्यावर कापता येत नाही आणि पायथ्याचे सांधेही नेमके एका पातळीत बसत नाहीत, त्यामुळे जोत्यावर पाचर किंवा कमी-जास्त उंचीचे पाय द्यावे लागतात. त्याचा नकाशा आम्ही वेगळा देतो.

मागणी देताना आम्हाला एवढे कळवा: त्रिज्या किती हवी, घुमट भिंतीवर बसणार की थेट जोत्यावर, दार कुठल्या दिशेला, आणि जागा उघड्या माळावर आहे की झाडीत. त्रिज्या मिलिमीटरमध्ये लिहा. फूट-इंचात लिहिली तर आम्ही ती मिलिमीटरमध्ये करून तुमच्याकडून लेखी होकार घेतल्याशिवाय पाइप कापायला घेत नाही.