मालवणचं स्नॉर्कलिंग आणि त्याआधीचा ‘अभयारण्या’चा घोळ

तारकर्लीला स्कूबा केलं असं सगळे सांगतात, पण बहुतेकांनी डोकं पाण्यात घातलेलं असतं ते मालवणात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास. तारकर्लीला नुसती वाळू, आणि वाळूवर प्रवाळ धरत नाही, त्याला कडक खडक लागतो. तो खडक, म्हणजे खडपं, कुरटे बेटाच्या, म्हणजे ज्यावर किल्ला आहे त्या बेटाच्या, भोवती पाण्याखाली पसरलीयत. १६६४ ला तिथे किल्ला बांधायला घेतला त्यामागे हीच खडपं होती, वाट माहीत नसलेलं गलबत आत शिरायला धजायचं नाही. किल्ल्याचा इतिहास सगळ्यांना पाठ आहे, तो सोडून देतो. गोबरा आणि तांबोशी कुठल्या कपारीत बसतात हे इथल्या मच्छीमारांना पिढ्यान् पिढ्या माहीत होतं, फक्त ते बघायला कोणी पैसे देईल असं वाटलं नव्हतं.

खरा घोळ १९८७ चा. त्या वर्षी किल्ला, शेजारचा छोटा किल्ला पद्मगड आणि भोवतीचा समुद्र धरून २९.१२ चौरस किलोमीटर भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, त्यात कोअर झोन, म्हणजे कडक संरक्षणाचा गाभा, फक्त ३.१८ चा, बाकी भोवतीचा बफर. आता ‘अभयारण्य’ हा शब्दच बघा. अरण्य म्हटलं की झाडं, वाघ, वनखात्याचा गार्ड. इथे अरण्याच्या जागी रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरायचं, पाणी होतं, होड्या लावायचं बंदर होतं आणि काठावर अख्खं गाव. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, मुळात जंगल डोळ्यासमोर ठेवून लिहिलेला, तोच समुद्राला लावला. त्यामुळे लोकांनी त्याचा सरळ अर्थ घेतला की उद्या जाळं टाकलं तर शिकारीचा गुन्हा. भीती अगदीच खोटी होती असं मला तरी वाटत नाही. कारण सागरी हद्द अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या धंद्याचं हित जपायची पुरेशी तजवीज आधी करावी, हे कायद्यात घातलं गेलं १९९१ च्या दुरुस्तीत. म्हणजे मालवणची अधिसूचना आधी आणि शहाणपण चार वर्षांनी. विरोध झाला तो ह्यामुळे, आणि ‘मालवणवाल्यांना निसर्गाचं काही पडलेलं नाही’ असं जे अजूनही बोललं जातं ते अन्यायाचं आहे.

गंमत अशी की ज्या प्रवाळासाठी आज गाइड ओरडतो ‘पाय ठेवू नका’, ते प्रवाळ कायद्याच्या पहिल्या शेड्यूलमध्ये, म्हणजे वाघाच्या रांगेत, आलं २००१ ला. तोवर अभयारण्य बऱ्यापैकी कागदावरच होतं. भांडण सगळं मासेमारीवर, पर्यटनाचा विचार १९८७ ला कोणाच्या डोक्यात नव्हता.

स्नॉर्कलिंग आलं ते २००० नंतर. मग २०११ च्या सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या मदतीचा किनारी जैवविविधतेचा मोठा प्रकल्प जिल्ह्यात आला, त्यात स्थानिक पोरांना डायव्हिंगचं ट्रेनिंग मिळालं आणि पुढे तारकर्लीत सरकारी डायव्हिंग संस्थाही उभी राहिली. बंदीच्या भाषेने जे जमलं नाही ते रोजगाराने थोडंफार जमलं, कारण ज्याचं पोट माशावर होतं त्याचंच पोर आता तोच मासा जिवंत दाखवून पैसे मिळवायला लागलं.

पण इथे शब्दांचा दुसरा गोंधळ. नळी तोंडात धरून वर तरंगत बघायचं ते स्नॉर्कलिंग, सिलेंडर पाठीवर घेऊन खाली जायचं ते स्कूबा. मालवणात टुरिस्ट ‘स्कूबा’ म्हणतो तेव्हा साधारण गाइडने मागून धरून काही मिनिटं खाली नेलेलं असतं, ना कोर्स ना सर्टिफिकेट. त्यात वाईट काही नाही, पण पोहता न येणारा माणूस घाबरून पाय झाडतो तो नेमका खडपावर. आणि फोटोत मासे यावेत म्हणून पाव टाकायची सवय, त्याने काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे झुंडीने येतात आणि टुरिस्टला वाटतं समुद्र किती भरलेला आहे.

२४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट बुडून दोन पर्यटक गेले, तेव्हा कुठे लाइफ जॅकेट, बोटीतली माणसं, परवाने ह्यावर जोरात बोललं जाऊ लागलं. आता नवीन विषय गुलदारचा. जानेवारी २०२४ ला निवृत्त झालेली नौदलाची ही बोट, ८० मीटरच्या वर लांब, मालवणच्या दक्षिणेला निवतीच्या खडकांजवळ बुडवून पाण्याखालचं म्युझियम आणि कृत्रिम रीफ करायचं ठरलंय. किल्ल्याजवळची गर्दी तिकडे वळेल अशी आशा काही जण धरून आहेत. निवतीचे मच्छीमार मात्र आमच्या जाळ्यांचं काय असं विचारतील तर तो प्रश्न मालवणात १९८७ ला विचारून झालेलाच आहे.