सीईटी दिली, गुण आले, तरी बी.एड.चा प्रवेश का हुकतो?

बी.एड.च्या सीईटीत, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षेत, पास-नापास नसतं. १०० प्रश्न, १०० गुण, ९० मिनिटं. त्यात ४० प्रश्न बौद्धिक क्षमतेचे, ३० सामान्य ज्ञानाचे, ३० शिक्षक अभियोग्यतेचे. चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. परीक्षेबद्दल एवढं पुरे, कारण बुलढाण्यापासून गडचिरोलीपर्यंत ज्यांची जागा जाते त्यातल्या पुष्कळांना गुण कमी पडलेले नसतात. कागद कमी पडतो, किंवा तारीख डोळ्यांसमोरून निघून जाते.

पहिली गफलत अशी की अर्ज दोन असतात आणि लोक एकच भरतात. राज्य सीईटी कक्षाकडे आधी परीक्षेसाठी नोंदणी करायची. अलीकडे ही परीक्षा मार्चच्या सुमारास होते, म्हणजे फॉर्म हिवाळ्यातच निघतो. निकाल लागल्यावर केंद्रीय प्रवेश प्रक्रियेसाठी, म्हणजे कॅपसाठी, पुन्हा नवी नोंदणी, नवं शुल्क आणि कागदपत्रांची ऑनलाइन तपासणी. सीईटीचे गुण आपोआप कॉलेजला जात नाहीत. "यादीत नाव येईल" म्हणून वाट पाहत बसलेल्यांचं नाव कुठल्याच यादीत येत नाही, कारण त्यांनी कॅपचा अर्जच केलेला नसतो. त्यात कॅपचे दिवस नेमके पेरणीचे, आणि भंडारा-गोंदियाकडे धानाच्या रोवणीचे. घरचे सगळे शेतात, मोबाईल घरी, आणि त्रुटी दुरुस्त करायला दिलेले दोन-तीन दिवस तेवढ्यात संपतात. अर्जात त्रुटी निघाली तर कळतं ते मेसेजवरून किंवा लॉगिनमध्ये. त्यामुळे नेटकॅफेवाल्याचा नंबर आणि ईमेल टाकून अर्ज भरू नका. पासवर्डही स्वतःच्या वहीत लिहून ठेवा. ऐन वेळी तो दुकान बंद करून लग्नाला गेलेला असतो.

पात्रता दिसायला सोपी आहे. पदवीला किमान ५० टक्के. महाराष्ट्रातल्या मागास प्रवर्गातल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातल्या आणि दिव्यांग उमेदवारांना ४५. अभियांत्रिकीच्या पदवीधरांना ५५. पण ४९.८ म्हणजे ५० नव्हे, हे काउंटरवर भांडून बदलत नाही. मात्र एक वाट बऱ्याच जणांना माहीत नसते: टक्केवारी पदवीची किंवा पदव्युत्तर पदवीची, कुठलीही एक चालते. बी.ए.ला ४६ आणि एम.ए.ला ५५ असणारा खुल्या प्रवर्गातही पात्र ठरतो. शेवटच्या वर्षाला असणाऱ्यांना सीईटी देता येते, पण कॅपच्या तपासणीपर्यंत निकाल हातात हवा.

गुणपत्रिकेवर टक्के नसून सीजीपीए, म्हणजे दहापैकी सरासरी श्रेणीगुण, असेल तर स्वतः दहाने गुणून आकडा टाकू नका. प्रत्येक विद्यापीठाचं सूत्र वेगळं असतं. अमरावती, नागपूर किंवा गोंडवाना, ज्या विद्यापीठाची पदवी असेल त्याचंच रूपांतराचं पत्र जोडायचं. ते एका दिवसात मिळत नाही, त्यामुळे निकालाच्या आठवड्यातच अर्ज टाकलेला बरा.

आता खरी अडचण, म्हणजे जात वैधता. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र हे दोन वेगळे कागद आहेत. दाखला उपविभागीय अधिकारी देतात, वैधता पडताळणी समिती देते. बारावी विज्ञानवाल्या पोरांना अभियांत्रिकी-फार्मसीच्या निमित्ताने तेव्हाच वैधता काढावी लागते. कला शाखेतून बी.ए. झालेल्याला मात्र तीन वर्षांत तो कागद कोणी मागितलेला नसतो. बी.एड.ला तो पहिल्यांदा मागतात, आणि तोवर वेळ उरलेला नसतो. ज्याला आरक्षणाची सर्वांत जास्त गरज, त्यालाच हा कागद सर्वांत उशिरा कळावा, अशी ही व्यवस्था आहे.

वैधतेसाठी समिती जुना पुरावा मागते, आणि किती जुना ते प्रवर्गावर ठरतं. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्ग आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. म्हणजे वडिलांची टीसी बहुतेकांच्या कामाची नाही. आजोबांची, कधी पणजोबांची नोंद लागते. आजोबा शाळेत गेले असतील तर त्या गावच्या जिल्हा परिषद शाळेतून दाखल-खारीज रजिस्टरचा, म्हणजे शाळेत नाव घातल्या-काढल्याच्या नोंदवहीचा, उतारा मिळतो. शाळेत गेलेच नसतील, आणि मजुरी करणाऱ्या घरांत बहुधा असंच असतं, तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल पंजीतली जन्म-मृत्यूची नोंद शोधायची. जमीन असेल तर अधिकार अभिलेख किंवा बंदोबस्त मिसल या जुन्या जमीन-नोंदींची प्रमाणित नक्कल काढायची. जुना कागद मोडी लिपीतला निघाला तर त्याचं देवनागरी लिप्यंतर जोडावं लागतं.

तपासणीत अडतं ते बारीकसारीक फरकांवर. दाखल-खारीजमध्ये आजोबा "गोमा", सातबारावर "गोमाजी". आडनाव एकीकडे आहे, दुसरीकडे नाही. या दोन्ही नोंदी एकाच माणसाच्या आहेत असं शपथपत्र आधीच जोडा, समितीने विचारायची वाट पाहू नका. वंशावळीच्या शपथपत्रात प्रत्येक नावाचं नातं स्पष्ट लिहा. बापाकडच्या रक्ताच्या नात्यात, म्हणजे वडील, काका, आत्या, चुलतभाऊ यांपैकी कोणाला वैधता मिळाली असेल तर तिची प्रत सोबत लावा, काम पुष्कळ हलकं होतं. मामाची वैधता चालत नाही. जुन्या नोंदीत "कोष्टी" आणि दाखल्यावर "हलबा" असेल तर मात्र कोणाच्या आश्वासनावर विसंबू नका. हलबा-कोष्टी म्हणजे अनुसूचित जमातीतले हलबा नव्हेत असा सर्वोच्च न्यायालयाचा २००० चा निकाल आहे, आणि समित्या त्यावर बोट ठेवतात.

अनुसूचित जमातींच्या समित्या जिल्हा समित्यांपेक्षा वेगळ्या आहेत. विदर्भात नागपूर, अमरावती, गडचिरोली अशा मोजक्या ठिकाणी त्या बसतात. मेळघाटातल्या धारणीच्या पोराला अमरावतीला जाऊन यायला अख्खा दिवस आणि एक मजुरी जाते. म्हणून निघण्यापूर्वी ऑनलाइन अर्जाची प्रिंट, मूळ कागद आणि प्रतींचे दोन संच सोबत आहेत ना ते पाहा. वैधतेचा अर्ज बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असतानाच कॉलेजच्या पत्रासह टाकला तर हे सगळं धावपळीशिवाय होतं. काही वर्षी सरकार नुसत्या अर्जाच्या पोचपावतीवर तात्पुरता प्रवेश देतं आणि मुदत वाढवतं. पण तो त्या-त्या वर्षीचा निर्णय असतो. त्याच्या भरवशावर बसलेल्यांचे अर्ज सरळ खुल्या प्रवर्गात ढकलले जातात, आणि पदवीला ४७ टक्के असतील तर तिथे पात्रताही जाते.

नॉन-क्रिमीलेअरचा, म्हणजे घरचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असल्याच्या दाखल्याचा, घोळ तारखेचा आहे. अनुसूचित जाती आणि जमातींना तो लागत नाही, बाकी मागास प्रवर्गांना लागतो. या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, काढला कधीही असो. सीईटीच्या फॉर्मसाठी फेब्रुवारीत काढलेला एका वर्षाचा दाखला जूनमध्ये कॅपला लावला की तो मेलेला असतो. लागतो तो पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालणारा. तीन वर्षांच्या उत्पन्नाचे पुरावे जोडून तीन वर्षांचा दाखला मागता येतो, तोच मागा. दुसरं, केंद्राच्या नोकरीसाठी काढलेला ओबीसीचा दाखला इथे चालत नाही. राज्याच्या नमुन्यातलाच हवा. ईडब्ल्यूएसचंही, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या दाखल्याचंही, तेच, आणि तो दाखला आर्थिक वर्षापुरता असतो.

लग्न झालेल्या मुलींचे अर्ज नावावरून परत येतात. गुणपत्रिका आणि जातीचा दाखला माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या नावाचा. जातीचा दाखला सासरच्या नावाने नव्याने काढायच्या फंदात पडू नका, जात माहेरचीच मोजतात. अर्ज गुणपत्रिकेवरच्या नावाने भरा आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र जोडा. माहेर बालाघाट, बैतूल किंवा आदिलाबादकडचं असेल तर तिकडच्या जातीच्या दाखल्यावर महाराष्ट्रात आरक्षण मिळत नाही, जात दोन्हीकडच्या यादीत असली तरी. अधिवासासाठी राज्यात पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, तोही अशा सुनांना अडू शकतो.

दाखले सेतूतून किंवा आपले सरकार केंद्रातून. शैक्षणिक कामाच्या दाखल्यांसाठी शपथपत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, साधा कागद चालतो. तरी तहसीलच्या दारात पाचशेच्या स्टँपचा आग्रह होतो, आणि तो स्टँप घ्यायला पोरगी बापाची दिवसाची कमाई घालवते. नकार तोंडी देत असतील तर लेखी मागा. उत्पन्न आणि अधिवासाच्या दाखल्याला लोकसेवा हक्क कायद्याखाली १५ दिवसांची मुदत आहे. टोकन क्रमांक जपून ठेवा, मुदत उलटली की त्याच क्रमांकावर अपील करता येतं. शिक्षणात खंड असेल तर त्याचं शपथपत्र वेगळं.

पसंतीक्रम भरताना पहिल्या नंबरला तेच कॉलेज टाका जिथे खरंच जाणार आहात. पहिली पसंती लागली की सहसा पुढच्या फेरीत जाता येत नाही. इंग्रजी माध्यमाचं कॉलेज हवं असेल तर ईएलसीटी ही वेगळी चाचणी लागते, आणि तिची खूण सीईटीचा फॉर्म भरतानाच करावी लागते.

"हजेरी न लावता बी.एड. करून देतो" म्हणत फिरणारे एजंट दर उन्हाळ्यात गावात येतात. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांत अभ्यासक्रम दोन वर्षांचा, हजेरी ८० टक्के, शाळेतल्या इंटर्नशिपला ९० टक्के, आणि इंटर्नशिप वीस आठवड्यांची. बाहेरच्या राज्यातलं न पाहिलेलं कॉलेज भरतीच्या पडताळणीत उघडं पडतं, तेव्हा एजंटचा फोन लागत नाही. नोकरीतल्या डी.एड. शिक्षकांसाठी मात्र नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचं बी.एड. रीतसर आहे. त्याची प्रवेशप्रक्रिया वेगळी, आणि बेरोजगार पदवीधराला ते मिळत नाही.

पैसे घालण्याआधी एक माहीत असू द्या. ११ ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर बी.एड.वाला पहिली ते पाचवीला शिकवायला पात्र नाही, तिथे डी.एल.एड., म्हणजे पूर्वीचं डी.एड., लागतं. गावच्या चौथीपर्यंतच्या शाळेवर डोळा ठेवून बी.एड. करणारे अजूनही भेटतात.

एम.एड.ची सीईटीही वेगळी असते, पात्रता बी.एड.ला ५० टक्के. पण "एम.एड. केलं की पर्यवेक्षक होता येतं" हा समज खोटा आहे. खासगी अनुदानित माध्यमिक शाळांत पर्यवेक्षक आणि मुख्याध्यापकपद १९८१ च्या सेवाशर्ती नियमांप्रमाणे सेवाज्येष्ठतेने मिळतं. मुख्याध्यापकाला पदवी, बी.एड. आणि पाच वर्षांचा अनुभव लागतो, त्यातली किमान दोन वर्षं बी.एड.नंतरची. एम.एड. कामाचं आहे ते अध्यापक महाविद्यालयात शिकवायला. ज्येष्ठतेच्या यादीत चौथ्या नंबरला असाल तर दोन वर्षांची फी भरून तुम्ही तिसरे होत नाही.

जागा लागली की दिलेल्या मुदतीत कॉलेजात जाऊन मूळ कागद दाखवा, फी भरा आणि प्रवेश निश्चितीची पावती त्याच वेळी मागून घ्या. ऑनलाइन यादीत नाव आहे म्हणून थांबलात तर जागा पुढच्या फेरीत जाते. त्याच आठवड्यात महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज टाका, आणि बँक खातं आधारला जोडलेलं आहे का ते आधी बँकेत विचारून घ्या.