पार्श्वभूमी: 'धर्मादाय' खाट आणि दूरचे तालुके

नाशिकला धर्मशाळा आणि अन्नछत्रांची परंपरा जुनी. दवाखान्यासाठी दान त्यामानाने अलीकडचे. सगळा घोळ 'धर्मादाय' या शब्दापाशी आहे. बाजारपेठेत धर्मादाय म्हणजे प्रत्येक सौद्यावर रूढीने घेतलेली रक्कम. देई गिऱ्हाईक, खर्च करी व्यापारी. 1950च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याने तिचा हिशेब मागितला, आणि न्यासांची (ट्रस्टची) रुग्णालयेही त्याच शब्दाखाली आली. म्हणून फलक वाचून येणाऱ्याला वाटते, इथे सारे फुकट. तसे कधीच नव्हते.

1985च्या सुधारणेने त्या कायद्यात कलम 41 कक आले: 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत. औषधे आणि इम्प्लांटचा (शरीरात बसवायच्या कृत्रिम भागांचा) खर्च कोणी उचलायचा, यावर वाद चालू राहिला. 2006मध्ये उच्च न्यायालयाने योजना ठरवून दिली. इतर रुग्णांच्या एकूण बिलांच्या 2 टक्के रक्कम 'निर्धन रुग्ण निधी'त टाकायची. खाट, परिचर्या, नेहमीच्या तपासण्या निर्धनाला विनामूल्य. औषधे, साहित्य, इम्प्लांट खरेदी किमतीने निधीतून. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा पुढे वाढत निर्धनांसाठी 1,80,000 आणि दुर्बल घटकांसाठी 3,60,000 रुपयांवर आली.

म्हणजे पुन्हा जुना धर्मादायच: भरतो दुसरा रुग्ण, दाता म्हणून नाव लागते रुग्णालयाचे. खरी अडचण मात्र वेगळी आहे. निधी ज्या-त्या रुग्णालयाच्या बिलांना बांधलेला. महिन्याला 1 कोटीची बिले झाली, तर 2 लाख जमतात. गरीब जिथे जास्त येतात तिथे बिले लहान, म्हणून निधीही तुटपुंजा. एका मोठ्या इम्प्लांटने त्याला खिंडार पडते. या निधीत थेट देणगी देता येते, पण देणगीदारांचा कल इमारतीकडे, कारण कोनशिलेवर नाव दिसते.

गरिबी सिद्ध करणाऱ्या कागदांचे दुखणे तितकेच मोठे. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत कामाला उतरलेल्या मजुराचे रेशनकार्ड सुरगाण्याला घरी असते, उत्पन्नाचा दाखलाही तिथल्याच तहसीलचा लागतो. तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता दाखल करून घेणे योजनेत बंधनकारक आहे. पण हे नातेवाइकांना दारातच सांगणारा कोणी लागतो, आणि वैद्यकीय समाजसेवकाची जागा भरलेली नसली की सगळे तिथेच अडते.

2014पासून कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी आला: सरासरी निव्वळ नफ्याच्या 2 टक्के. कायद्यात स्थानिक परिसराला प्राधान्य असल्याने पैसा सातपूर, अंबड, सिन्नर या औद्योगिक वसाहतींच्या आसपास फिरतो. पेठ-सुरगाण्यासारख्या दूरच्या आदिवासी तालुक्यांत मोठे कारखाने जवळपास नाहीतच.

या तालुक्यांची संशोधनातली दरीही याच वाटेने रुंदावते. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी 2023मध्ये राष्ट्रीय अभियान सुरू झाले. शिबिरातली सोल्युबिलिटी चाचणी स्वस्त, म्हणून तिला देणगी सहज मिळते. पण दोष फक्त वाहक म्हणून आहे की आजारच आहे, हे ती सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या प्रयोगशाळेतल्या तपासण्या लागतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात आणि तीव्र रक्तक्षयात सोल्युबिलिटी चाचणी चुकून नकारात्मकही येते. एचपीएलसीचे यंत्र दान मिळाले तरी अभिकर्मके (चाचणीची रसायने), कॉलम (यंत्रातली बदलावी लागणारी नळी), स्थिर वीज, वार्षिक देखभाल करार आणि तंत्रज्ञाचा पगार यांची तरतूद सहसा नसते. यंत्र बंद पडते, दुसरी तपासणी राहून जाते, आणि तो रुग्ण ना उपचारांच्या यादीत येतो, ना अभ्यासाच्या आकड्यांत.