निलगिरी लागवड आणि पालाश

हलक्या, निकस जमिनीत निलगिरीची रोपे लावल्यावर त्यांना लागणाऱ्या अन्नद्रव्यांचा, त्यातही पालाशचा म्हणजे पोटॅशचा, पुरवठा करणे हा रोपवनशास्त्रातील एक महत्त्वाचा विषय आहे. निलगिरी कुठेही येते, तिला खत लागत नाही, असा समज पुणे जिल्ह्यात सर्रास आढळतो. ती कुठेही जगते, एवढेच त्यातले खरे. पाच-सात वर्षांत बल्ली किंवा कागदाचे लाकूड हवे असेल, तर जमिनीतून काय उचलले जाते याचा हिशोब ठेवावाच लागतो.

पालाश झाडाच्या शरीराचा घटक बनून अडकत नाही. तो पेशीरसात विरघळलेल्या रूपात फिरत राहतो. पानांवरची पर्णरंध्रे उघडणे-मिटणे, पेशींतील पाण्याचा ताण टिकवणे आणि पानात तयार झालेली साखर खोडाकडे व मुळांकडे वाहून नेणे ही त्याची मुख्य कामे. तुटवडा पडला की झाड जुन्या पानांतला पालाश काढून शेंड्याकडे पाठवते. त्यामुळे लक्षणे आधी खालच्या पानांवर दिसतात. पानाच्या कडा पिवळसर-तांबूस होतात, मग करपतात आणि पान वेळेआधी गळते. शेंडाच वाळत असेल तर संशय बोरॉनवर घ्यावा. निलगिरीत बोरॉनची उणीव कोरड्या महिन्यांत वरचेवर दिसते आणि पोटॅश टाकून ती भरून निघत नाही.

या विषयावरचे सर्वांत सखोल काम ब्राझीलमध्ये, साओ पाउलो विद्यापीठाच्या इतातिंगा येथील प्रायोगिक क्षेत्रावर झाले आहे. तिथली माती खोल, पण अतिशय झिजलेली असून तिच्यात पालाश नाममात्र आहे. पोटॅश दिल्यावर पाने जास्त दिवस टिकली, पर्णभार वाढला आणि लाकडाचे उत्पादन कितीतरी पटींनी सुधारले. पालाशची काही कामे सोडियमही अंशतः करू शकतो, हेही तिथे दिसून आले. त्याहून मोलाचा निष्कर्ष पाण्याविषयीचा आहे. पोटॅश मिळालेली झाडे मोठी होतात, म्हणून पाणीही जास्त ओढतात. झाडांखाली पन्हळी बसवून पावसाचा काही भाग बाहेर वळवला, तेव्हा खत दिलेल्या झाडांनाच दुष्काळाचा ताण अधिक जाणवला. पालाश झाडाला अवर्षण सोसण्याची ताकद देतो, हे खतांच्या जाहिरातींतले वाक्य त्यामुळे जपून वापरायला हवे.

पुणे जिल्ह्यात या निष्कर्षांचा अर्थ तालुक्यागणिक बदलतो. बारामती, इंदापूर, दौंड भागातील काळ्या भारी जमिनीत पालाश सहसा भरपूर असतो. माती परीक्षणात हेक्टरी 280 किलोंपेक्षा जास्त उपलब्ध पालाश आला, तर पोटॅशवर पैसे घालण्यात अर्थ नाही. या पट्ट्यातल्या चुनखडीच्या जमिनीत निलगिरीची नवी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. उसात शेतकरी ज्याला केवडा म्हणतात तोच हा प्रकार, आणि त्याचे कारण चुन्यामुळे लोह न मिळणे हे आहे. इथे पाऊसही जेमतेम 500 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे अडचण पाण्याची आणि चुन्याची.

मुळशी, मावळ, भोर, राजगड (पूर्वीचे वेल्हे) या पश्चिमेकडील तालुक्यांत चित्र उलटे आहे. तिथल्या तांबड्या, जांभ्याच्या जमिनीतली चिकणमाती पालाश धरून ठेवायला दुबळी असते, आणि सह्याद्रीचा पाऊस आहे तेवढाही धुऊन नेतो. मधल्या टेकड्यांवरच्या मुरमाड बरडावर वीतभर मातीखाली खडक लागतो. ब्राझीलमध्ये निलगिरीची मुळे खोडाच्या उंचीइतक्याच वेगाने खोल जातात आणि खालच्या थरातले पाणी व अन्न वर आणतात. आपल्या बरडावर ती वाटच बंद असते. म्हणून तिकडच्या खतमात्रा जशाच्या तशा इथे आणणे चूक ठरेल.

मात्रेचा अंदाज घेण्यासाठी साधे गणित उपयोगी पडते. 3 बाय 2 मीटर अंतरावर हेक्टरी सुमारे 1,666 झाडे बसतात. म्युरेट ऑफ पोटॅश या नेहमीच्या पोटॅश खताच्या 50 किलोंच्या पोत्यात पालाश 30 किलो असतो. हेक्टरी एक पोते दिले, तर झाडाला जेमतेम 30 ग्रॅम खत येते. सगळी मात्रा लागवडीच्या खड्ड्यात टाकली, तर मावळ-मुळशीच्या आषाढसरींत तिचा मोठा भाग वाहून जातो. रोपे मूळ धरल्यावर थोडी आणि पाऊस ओसरताना, जमिनीत ओल असतानाच, उरलेली अशी विभागून, बुंध्यापासून दूर गोलाकार देणे शहाणपणाचे. नत्र-स्फुरदाची जोड हवीच. पोटॅश अवाजवी झाले तर मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे शोषण मात्र मंदावते. गरज सर्वांत जास्त पहिल्या दोन-तीन वर्षांत असते. झाडांचे शेंडे एकमेकांना भिडल्यावर गळलेल्या पाल्यातून आणि पानांवरून ठिबकणाऱ्या पावसातून पालाश पुन्हा मातीत येऊ लागतो.

हे चक्र तोडणीच्या वेळी तुटते. खोडाबरोबर साल, डहाळ्या आणि पाला सरपण म्हणून उचलला, की जमिनीचा साठाच गाडीत भरून जातो. साल रानातच सोलून पाला-डहाळ्यांसह तिथेच पसरल्या, तर पालाशबरोबर कॅल्शियमही वाचतो. खुंटावरून येणाऱ्या फुटव्यांचे पीक, म्हणजे निलगिरीचा खोडवाच, घ्यायचा असेल तर याला पर्याय नाही. मावळी शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. भाताच्या रोपवाटिकेसाठी तो पिढ्यान्‌पिढ्या राब भाजत, म्हणजे जमिनीवर टहाळ-पाला पसरून जाळत, आला आहे, आणि त्या राखेतून मिळतो तो पालाशच. फरक इतकाच की राबासाठी टहाळ बाहेरून आणतात, आणि निलगिरीच्या रानातून तो बाहेर जातो.

पोटॅश खनिजासाठी भारत जवळजवळ पूर्णपणे आयातीवर अवलंबून आहे. साखर कारखान्यांच्या आसवनीतील स्पेंटवॉश, म्हणजे मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणारे सांडपाणी, जाळून उरलेल्या राखेपासून मिळणारे, सुमारे 14.5 टक्के पालाश असलेले खत हा देशी पर्याय आहे. पुणे जिल्ह्यात हा कच्चा माल पूर्वेकडच्या ऊसपट्ट्यात तयार होतो, आणि त्याची गरज पश्चिमेकडच्या डोंगरउतारांना आहे.