डम्पमधल्या चेकला एवढे कंस आले कुठून?

पोस्टग्रेस या डेटाबेसचा डम्प, म्हणजे त्याची मजकुरातली प्रत, उघडला की आपण सरळ लिहिलेला चेक (टेबलात शिरणाऱ्या नोंदीवरची अट), म्हणजे किंमत > 0 अँड सूट < किंमत, तिथे चेक (((किंमत > 0) अँड (सूट < किंमत))) असा दिसतो आणि नवीन माणूस हमखास विचारतो, हे कंस टाकले कोणी?

कंस नसले की अँड ('आणि') आधी, ऑर ('किंवा') नंतर ही रीत जुनीच. 19व्या शतकात गणितज्ञ जॉर्ज बूलने अँडला गुणाकारासारखं मांडलं, त्यामुळे शाळेतलं कंचेभागुबेव इथेही लागू. 1974 ला आयबीएमच्या चेंबरलिन आणि बॉइसने सीक्वेल ही डेटाबेसशी बोलायची भाषा आणली, पुढे तिच्यातून आलेल्या एसक्यूएलमध्ये नॉट ('नाही'), अँड, ऑर हा क्रम पक्का झाला, आणि चेक स्टँडर्डमध्ये आला 1989 ला. (मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस तर 8.0.16 येईपर्यंत, म्हणजे 2019 पर्यंत, चेक निमूट वाचून सोडून द्यायचं, कंस घाला नाहीतर नका घालू!)

घोळ कसा होतो बघा: प्रकार = 'रोख' ऑर प्रकार = 'यूपीआय' अँड रक्कम > 0. इथे रक्कम > 0 ची अट फक्त यूपीआयला लागते, रोखीची उणे पाचशेची एंट्री आरामात आत जाते.

आता पोस्टग्रेस आपला मजकूर जसाच्या तसा ठेवतच नाही, पार्स करून, म्हणजे अट तुकड्यांत फोडून, त्या तुकड्यांचं झाड साठवतं, आपले कंस तिथेच गळतात, आणि डम्प घेताना त्या झाडावरून परत लिहिताना प्रत्येक जोडीला स्वतःचे कंस लावतं. दिसायला भयंकर, पण कारण चोख आहे: पुढच्या व्हर्जनने क्रम बदलला तरी अर्थ बदलू नये. डॉक्युमेंटेशनही सांगतं की कमी कंसांचा देखणा प्रकार डम्पसाठी वापरू नका.

आणि क्रम खरंच बदलला. 2016 च्या जानेवारीत आलेल्या पोस्टग्रेसच्या 9.5 व्हर्जनमध्ये <=, >= आणि <> यांना <, > आणि = च्या पंगतीत आणून बसवलं. त्याआधी <= ची पायरी मजकुराचे तुकडे जोडणाऱ्या || एवढीच होती, त्यामुळे कोड <= शहर || प्रांत लिहिलं की आधी तुलना व्हायची आणि मग त्या हो-नाहीला प्रांत चिकटवायला जायचं. डम्पमधून नेलेल्या चेकना याचा फरक पडला नाही, हाताने लिहिलेल्या बिनकंसाच्या स्क्रिप्ट मात्र तपासाव्या लागणार होत्या, म्हणून त्याच व्हर्जनमध्ये वॉर्निंग देणारं सेटिंगही दिलं. ते 2021 ला 14 मध्ये काढून टाकलं.